डॉगीजमध्ये नवीन पोरं आली की काय बघायचं, काय बोलायचं: फूटीत नवख्या मराठी लोकांसाठी

मेलबर्नला नवीन आलेल्या मराठी माणसाची एक ठरलेली पंचाईत असते. सोमवारी सकाळी ऑफिसच्या किचनमध्ये सगळे फूटीवर तावातावाने बोलत असतात आणि आपण कपात टी-बॅग बुडवत गप्प उभे. सीझन चालू असेल तर निदान स्कोअर तरी विचारता येतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकही मॅच नसताना हे लोक दुप्पट बोलतात आणि ते तर अजिबातच कळत नाही. पिक सतरा आला, पुढच्या वर्षीचा सेकंड राउंड दिला, पोरगा १९६ चा आहे पण अजून काटकुळा आहे, अमक्याचा मुलगा पुढच्या वर्षी येतोय... मला वाटायचं घोड्यांच्या रेसबद्दल चाललंय. (नोव्हेंबरमध्ये तेही चालू असतं म्हणा.)

मी मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेटला राहतो म्हणून माझी टीम वेस्टर्न बुलडॉग्ज, म्हणजे डॉगीज. टार्नेट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी या पट्ट्यात आपली माणसं भरपूर आहेत, त्यामुळे उदाहरणं सगळी डॉगीजचीच देतो, पण टीम कुठलीही असली तरी पद्धत हीच.

आधी एवढं माहीत पाहिजे

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. मैदान क्रिकेटचंच, एमसीजीवर हिवाळ्यात हेच चालतं. एका बाजूला १८ जण मैदानात, बॉल लांबट, चार खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल पायाने मारून गेला की गोल, त्याचे ६, बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, त्याचा १. स्कोअर १३.११ (८९) असा लिहितात, म्हणजे १३ गोल, ११ बिहाइंड, तेरा सक अठ्ठ्याहत्तर आणि ११ मिळून ८९. बॉल फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या मुठीने ठोसायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. किकने १५ मीटर किंवा जास्त लांबून आलेला बॉल हवेतच झेलला तर तो मार्क, मग कोणी अंगावर यायचं नाही, शांतपणे किक घ्यायची. बाकीचे नियम बघता बघता कळतात, आणि काही नियम इथे जन्मलेल्यांनाही कळत नाहीत, ते नुसते "बॉऽऽल" म्हणून ओरडतात. तुम्हीही ओरडा.

आणि हो, "तुझी टीम कोणती" हे विचारताना इथे "बॅरॅक" शब्द वापरतात. अमेरिकन सिरियल बघून "रूट" म्हणायला जाऊ नका, इथे त्याचा अर्थ भलताच होतो. मी एकदा लिफ्टमध्ये म्हणून बसलोय.

पोरगा कुठल्या दाराने आला ते बघा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नवीन खेळाडूचं नाव ऐकलं की तो चांगला आहे का हे विचारू नका, तो आला कसा हे विचारा. कारण त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवायची, किती वर्षं थांबायचं आणि फॅन लोक त्याच्यावर का चिडलेत किंवा का खूष आहेत, हे सगळं त्यावर ठरतं.

मोठं दार म्हणजे नॅशनल ड्राफ्ट, दरवर्षी नोव्हेंबरमध्ये. आपल्या डोक्यात आयपीएल ऑक्शन असतो तो काढून टाका. इथे बोली पैशाची नसतेच. टेबलमध्ये जी टीम सगळ्यात खाली राहिली तिला पहिला नंबर, जिने फ्लॅग म्हणजे चॅम्पियनशिप जिंकली तिला शेवटचा, आणि त्या क्रमाने १८ वर्षांची पोरं निवडायची. ही पद्धत १९८६ पासून आहे, वर सगळ्या टीमला सॅलरी कॅप, त्यामुळे श्रीमंत क्लबाने सगळे हिरे उचलून न्यायचे असं सहसा होत नाही. पोराला कुठे जायचंय ते कोणी विचारत नाही. पर्थचा पोरगा मेलबर्नला, मेलबर्नचा ब्रिस्बेनला, घरचे रडतात, टोपी घालून फोटो काढतात. आपल्याकडे पहिल्या पोस्टिंगची ऑर्डर येते ना, तसंच.

डॉगीजचा कॅप्टन मार्कस बॉन्टेम्पेली २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पिक ४ ला, म्हणजे चौथ्या नंबरला निवडला जाऊन आला. २०२० पासून कॅप्टन आहे आणि त्याच्याबद्दल वाईट बोलणारा डॉगीजचा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण पिकचा नंबर म्हणजे नशीब नाही. केलब डॅनियल २०१४ ला पिक ४६, उंची १६८ सेंटिमीटर, डोक्याला हेल्मेट, या खेळात इतका बुटका माणूस चालेल का असं सगळे म्हणत होते. तो २०१६ ला फ्लॅग जिंकला आणि २०२० ला ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये, म्हणजे सीझनच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंच्या टीममध्ये, निवडला गेला. नंतर २०२४ ला ट्रेड होऊन नॉर्थ मेलबर्नला गेला, त्याचं वाईट अजून वाटतं.

दुसरं दार फादर-सन. हे ऐकून मी आधी उडालोच, म्हटलं हे तर आपल्या राजकारणासारखं झालं. वडील त्या क्लबाकडून निदान १०० मॅच खेळलेले असतील तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. समजा सचिनच्या मुलावर पहिला हक्क मुंबईचाच असा आयपीएलमध्ये नियमच असता, तर जे झालं असतं ते इथे दरवर्षी होतं. फुकट नाही मिळत, दुसऱ्या क्लबाने त्या पोरावर बोली लावली की तितक्या पॉइंट्सचे आपले पिक द्यावे लागतात (प्रत्येक पिकचे पॉइंट्स ठरलेले असतात). डॉगीज या बाबतीत नशीबवान. टॉम लिबरेटोर आहे, त्याचे वडील टोनी १९९० चे ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनच्या बेस्ट खेळाडूचं मेडल, जिंकलेले. सॅम डार्सी आहे, २०२१ ला पिक २, उंची २०८ सेंटिमीटर, वडील ल्यूक डार्सी आणि आजोबा डेव्हिडसुद्धा याच क्लबाचे. तीन पिढ्या एकाच क्लबात. त्यामुळे जुने फॅन अशा पोराबद्दल बोलताना घरातल्या भाच्याबद्दल बोलतात तसे बोलतात, त्याच्यावर टीका करायचा हक्क फक्त त्यांचा, तुमचा नाही, निदान पहिली पाच वर्षं तरी नाही.

तिसरं दार आपल्या लोकांनी नीट वाचा. नेक्स्ट जनरेशन अकॅडमी म्हणून प्रकार आहे, क्लबाला आपल्या ठरलेल्या इलाख्यातली आदिवासी ऑस्ट्रेलियन पोरं आणि बाहेरून आलेल्या कुटुंबातली पोरं तयार करता येतात आणि मग ड्राफ्टमध्ये त्यांच्यावर थोडा हक्क मिळतो, नियम अधूनमधून बदलत असतात. जमारा युगल-हेगन २०२० ला पिक १ झाला तो याच वाटेने. आईवडील आशियात जन्मलेले असतील तर तेही यात बसतं, म्हणजे आपली पोरं. ऐकायला गंमत वाटेल, पण शनिवारी सकाळी गल्लीतल्या ओव्हलवर ऑसकिकला, म्हणजे लहान पोरांच्या फूटीला, बघा, पटेल, सिंग, कुलकर्णी सगळे त्या लांबट बॉलमागे पळताना दिसतील. आणि भारतीय रक्ताचा खेळाडू झालाच नाही असंही नाही, वेस्ट कोस्टचा डॅनियल कर अँग्लो-इंडियन वंशाचा, २००६ च्या फ्लॅगमध्ये होता.

चौथं दार ट्रेड आणि फ्री एजंट (कॉन्ट्रॅक्ट संपलेला खेळाडू), हे सप्टेंबरअखेर ग्रँड फायनल झाली की लगेच ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. यात तयार माणसं येतात-जातात, बदल्यात पिक किंवा दुसरा खेळाडू. इथे भांडणं सगळ्यात जास्त. यावरची टॉम बॉयडची गोष्ट डॉगीजचा फॅन तुम्हाला कधी ना कधी सांगणारच, म्हणून आधीच ऐकून ठेवा.

२०१३ च्या ड्राफ्टचा पिक १ म्हणजे टॉम बॉयड, सिडनीच्या जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) या क्लबाने घेतलेला. एका वर्षाने, २०१४ ला, डॉगीजचा स्वतःचा कॅप्टन रायन ग्रिफिन म्हणाला मला जायचंय आणि तेही जीडब्ल्यूएसला. क्लबात आगडोंब. मग क्लबाने ग्रिफिन आणि वर पिक ६ देऊन बॉयडला आणलं, १९ वर्षांच्या पोराला सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पेपरात आकडा आला सत्तर लाख डॉलरच्या आसपास. झालं. पोराने एक मार्क सोडला की "सत्तर लाख!" म्हणून ओरडायचे लोक, स्वतःचे फॅनसुद्धा. आणि मग १ ऑक्टोबर २०१६, एमसीजी, ग्रँड फायनल, समोर सिडनीचा दुसरा क्लब, सिडनी स्वान्स. डॉगीज सीझनला सातव्या नंबरवर होते आणि शेवटचा फ्लॅग १९५४ चा. चौथ्या क्वार्टरमध्ये मॅच अटीतटीची, सिडनीचा लान्स फ्रँकलिन बॉल घेऊन वळतोय तोच डेल मॉरिसने त्याला मागून धरून पाडलं, बॉल सुटला, बॉयडने उचलला आणि लांबूनच किक मारली, बॉल रिकाम्या गोलसमोर टप्पे खात खात आत. मी तेव्हा नवीन होतो, टीव्हीवर बघत होतो, नियम अर्धेच कळत होते, पण शेजारच्या घरातून जो आवाज आला तो २०११ च्या धोनीच्या सिक्सला आमच्या सोसायटीत आला होता तसाच. शेवटी ८९-६७. बॉयडचे तीन गोल. २०१९ ला तेविसाव्या वर्षी तो रिटायर झाला, मानसिक आरोग्याबद्दल मोकळेपणाने बोलून. आता त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोललेलं इथे कोणी खपवून घेत नाही.

पण त्या गोलमध्ये तो मॉरिस आहे ना, त्याचं दार पाचवं, रुकी लिस्ट. ड्राफ्टमध्ये ज्यांना कोणी घेत नाही त्यांना कमी पैशात, बघू जमतं का, म्हणून ठेवतात. डेल मॉरिस आला कुठून, तर वेरिबीच्या टीममधून, आपल्याच गावचा. नंतर कळलं की ती फायनल तो पाठीची हाडं मोडलेली असताना खेळत होता. त्या दिवशीचं नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे मॅन ऑफ द मॅच, जेसन जोहानिसनला, तोही रुकी. तीन गोल मारणारा लियाम पिकन, तोही रुकी. म्हणून रुकीचं नाव जाहीर झाल्यावर "हा कोण" म्हणून नाक मुरडू नका.

अजून एक खिडकी आहे, मिड-सीझन ड्राफ्ट. रिचमंडने २०१९ ला यातून मार्लियन पिकेटला घेतलं, वय २७, आणि त्याची पहिलीच मॅच म्हणजे त्या वर्षीची ग्रँड फायनल, आणि जिंकला. असं परत होणार नाही, पण दर वर्षी जूनमध्ये कोणीतरी त्याचं नाव काढतोच.

मग उंची विचारा

आला कसा हे कळलं की पुढचा प्रश्न: कुठे खेळतो आणि उंची किती. छोटा फॉरवर्ड किंवा मिडफिल्डर असेल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षी दिसू शकतो. १९५ च्या वरचा असेल, म्हणजे उंच मुख्य फॉरवर्ड, मुख्य डिफेंडर किंवा रक (सुरुवातीला बॉलसाठी उडी मारणारा), तर तीन-चार वर्षं विसरा. अठराव्या वर्षी ही पोरं ताडासारखी उंच आणि शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक असतात, समोर २८ वर्षांचा शंभर किलोचा बाप्या असतो, तो एका खांद्याने बाजूला करतो. म्हणून फॅन "अजून एक प्री-सीझन जिममध्ये पाहिजे" असं सारखं म्हणतात, हे वाक्य तुम्ही कुठल्याही उंच पोराबद्दल बिनधास्त वापरू शकता, कधी चुकत नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. मुलीला जर्सी घ्यायची होती (इथे जंपर म्हणतात), मी उत्साहात नुकत्याच आलेल्या पोराचा नंबर पाठीवर लावून घेतला, म्हटलं मोठा होईल तेव्हा आपण पहिल्यापासूनचे फॅन. पोरगा दोन वर्षांत एकही सीनियर, म्हणजे मुख्य टीमची, मॅच न खेळता डीलिस्ट झाला, म्हणजे क्लबाच्या यादीतून काढला गेला. मुलगी अजून ते जंपर घालते, घरी, ऑइल पेंट करताना. तर पहिल्या वर्षी नंबर लावू नका, साधं कोरं घ्या किंवा बॉन्टचा, म्हणजे बॉन्टेम्पेलीचा, ४ घ्या.

नोव्हेंबर ते मार्च काय बघायचं

ड्राफ्टनंतर काही दिवसांतच पोरं ट्रेनिंगला येतात. पहिली बातमी असते २ किलोमीटर टाइम ट्रायलची, सहा मिनिटांच्या आसपास आला की लोक खूष, आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतो की रनिंगवरून काही कळत नाही, आणि तोच माणूस सगळ्यांचे टाइम पाठ करून ठेवतो. मग जंपरचे नंबर जाहीर होतात. हा विषय हलका समजू नका, ३ नंबर म्हणजे टेड व्हिटन आणि ख्रिस ग्रँट, असा नंबर नवीन पोराला दिला की आठवडाभर चर्चा. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रॅक्टिस मॅच. त्यात नवीन पोराने चार गोल मारले तर शांत राहा, आमच्यात दर वर्षी फेब्रुवारीत एक जण लेजंड होतो आणि मेमध्ये त्याचं नाव कोणाला आठवत नाही.

सीझन सुरू झाला की गुरुवारी संध्याकाळी टीम जाहीर होते. लिस्टवर चाळीसच्या वर माणसं, मॅचच्या दिवशी जागा २३ जणांना. नवीन पोरगा त्यात नसेल तर कोच बेव्हो, म्हणजे ल्यूक बेव्हरिज, याला शिव्या. असेल पण भलत्याच जागी खेळवला तरी बेव्होला शिव्या, कारण त्याला बोर्डावरची मॅग्नेट हलवायची फार आवड, डिफेंडरला फॉरवर्ड करतो आणि फॉरवर्डला बॅक. याच बेव्होने २०१६ ला स्वतःचं मेडल गळ्यातून काढून दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या कॅप्टन बॉब मर्फीला स्टेजवर बोलावून घातलं होतं, त्यामुळे शिव्या देताना पण एका मर्यादेत देतात.

एक दिवस प्रत्यक्ष जा

टीव्हीवर फक्त बॉल दिसतो. नवीन पोरगा बघायचा तर फुटस्क्रेच्या व्हिटन ओव्हलला जा. सीनियर मॅच तिथे होत नाहीत, त्या मार्व्हल स्टेडियमला, सदर्न क्रॉस स्टेशनच्या शेजारी. पण क्लबाची दुसरी टीम फुटस्क्रे नावाने व्हीएफएल, म्हणजे खालच्या पातळीची लीग, खेळते ती तिथे, आणि ज्यांना सीनियरमध्ये जागा मिळाली नाही ती सगळी नवीन पोरं त्यात असतात. कुंपणाला टेकून उभं राहिलं की अंग अंगावर आदळल्याचा आवाज ऐकू येतो, पोरं एकमेकांना काय ओरडतात ते ऐकू येतं. मी असाच एका उंच पोराला बघत होतो, पहिल्या हाफमध्ये त्याने बॉलला हातही लावला नाही, पण प्रत्येक वेळी तो जोरात पळत जागा करायचा, कोणी बॉल द्यायचं नाही, तो मान खाली घालून परत यायचा आणि परत पळायचा. शेजारी एक आजोबा होते, लाल-निळं-पांढरं स्कार्फ, हातात थर्मास. मी म्हटलं आज काही जमत नाहीये त्याला. ते म्हणाले, बॉलकडे नको बघूस, पायांकडे बघ. त्या दिवसापासून मी पायांकडे बघतो.

व्हिटन ओव्हल बार्कली स्ट्रीटवर आहे, आणि हाच रस्ता पुढे वेस्ट फुटस्क्रेला गेला की दोन्ही बाजूंना आपली हॉटेलं आणि किराणा. मॅच, मग डोसा, मग घरी जाताना कढीपत्ता आणि पोहे. बायकोला असंच पटवलं मी पहिल्यांदा. महिलांची टीमसुद्धा आहे, २०१८ ला फ्लॅग जिंकलेली, मुली असतील तर त्या मॅचला आवर्जून न्या.

बोलताना

थोडे शब्द. गन म्हणजे एक नंबर खेळाडू. स्पड म्हणजे बटाटा, म्हणजे काही कामाचा नाही, हे स्वतःच्या टीमबद्दल घरच्या माणसाने म्हणायचं, आपण नवीन असताना नाही. स्मोकी म्हणजे कोणाच्या लक्षात नसलेला आणि अचानक वर आलेला. स्लायडर म्हणजे दहाव्या नंबरला जाईल वाटलेला पोरगा पंचविसाव्याला मिळाला. डेप्थ म्हणजे बरा आहे, कोणी जखमी झालं तर चालेल. फ्लॅग म्हणजे चॅम्पियनशिप, वुडन स्पून म्हणजे सगळ्यात शेवटचा नंबर.

प्रश्न विचारायला लाजू नका, या लोकांना समजावून सांगायला फार आवडतं, आपल्याकडे क्रिकेटचं तसंच. पण "केवढ्याला घेतला?" हा आपला पहिला प्रश्न असतो तो गिळा, त्याऐवजी "त्याच्यासाठी काय द्यावं लागलं?" विचारा, मग वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही. सोडून गेलेल्याबद्दल जपून. बेली स्मिथ २०२४ ला जिलाँगला गेला, ते नाव काढलं की कॉफी गार होईपर्यंत ऐकावं लागतं. आणि स्टेडियममध्ये कोणी खेळाडूच्या रंगावरून, जातीवंशावरून काही बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. या खेळात त्याचा इतिहास वाईट आहे, सिडनीच्या अॅडम गुड्सला २०१५ ला सीझनभर ज्या प्रकारे बू केलं ते अजून लोकांना टोचतं. सीटजवळ रिपोर्ट करायचा मेसेज नंबर लावलेला असतो, तो वापरा.

राहिलं एकच. नवीन पोराची पहिली सीनियर मॅच असेल तर वेळेच्या आधी टीव्ही लावा, जंपर त्याला बऱ्याचदा घरचंच कोणी देतं, आई, बाबा, आजी, ते दाखवतात. आणि टीम जिंकली तर मॅच संपल्यावर लगेच चॅनल बदलू नका. ड्रेसिंग रूममध्ये सगळे गोल करून क्लबाचं गाणं म्हणतात, नवीन पोराला मधे उभा करतात आणि गाणं चालू असतानाच चारी बाजूंनी स्पोर्ट्स ड्रिंकच्या बाटल्या त्याच्या डोक्यावर रिकाम्या करतात. पोराला शब्द नीट येत नसतात, डोळ्यात चिकट पाणी गेलेलं असतं, आणि तो नुसता तोंड उघडून ओरडत असतो.